कुणाचं काही?

"बाबर सर गेले," मी म्हणाले.

त्या वर्षी कुणाबद्दल असं बोलायची सोय नव्हती. अध्यक्षांच्या हातातली चहाची बशी अधांतरी थांबली. खजिनदार हेर्लेकरांनी चष्मा काढला.

"रेंज गेली हो त्यांची," मी घाईघाईनं सांगितलं. "माणूस धडधाकट आहे. आजऱ्याच्या वरच्या अंगाला घर आहे, तिथं वारं सुटलं की नेटवर्क पडतं."

"नीट बोलत जा की ओ शालनताई," अध्यक्ष म्हणाले. "काळजाचा ठोका चुकला माझ्या."

कडगावकर गुरुजी तेवढे मघापासून होते तसेच, हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवत होते. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला असल्या बातम्यांचं काय वाटणार, असं मनाशी म्हणून मी पुढं गेले.

हिरण्यकेशीच्या काठावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे आणि शाळेला लागून मुलींचं वसतिगृह. ती संस्था चालवणारे आम्ही पाच विश्वस्त. अध्यक्ष श्रीपाल मगदूम, गुळाचे व्यापारी. हेर्लेकर वकील. गुरुजींनी तर ही शाळाच काढलेली, त्याआधी ते गावच्या प्राथमिक शाळेत होते आणि मगदूमांनी त्यांच्या छड्या खाल्लेल्या होत्या. चौथी यास्मिन शिकलगार. ती याच वसतिगृहात लहानाची मोठी झाली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आता कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, आणि असं नाजूक काम करते की डॉक्टर तिचं नाव घेऊन दात मागवतात. पाचवी मी, सचिव. जन्म सगळा एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला. माईकवर गाड्या पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरची भांडणं मिटवायची, आणि माझी सही झाल्याशिवाय गाडी फलाटावरून हलू द्यायची नाही. या बाईचा आवाज शाळेच्या कामाचा नाही, पण बैठकीच्या कामाचा आहे, असं म्हणून मगदूमांनीच मला संस्थेत ओढलं होतं.

बाबर सर हे शाळेतले शिक्षक. विश्वस्त नव्हेत, पण प्रत्येक बैठकीला ते खिडकीपाशी बसायचे. आम्ही बोलायचो ते हातांनी यास्मिनला सांगायचे आणि यास्मिनचे हात बघून तिचं बोलणं आम्हाला ऐकवायचे. ऑनलाइन बैठका सुरू झाल्या तरी तेच चालू ठेवलं होतं. आणि नेमके तेच आज गळाले होते.

"बाबर येईपर्यंत थांबूया," मी म्हणाले.

"थांबायला वेळ कुठाय," अध्यक्ष म्हणाले. "नर्सिंग कॉलेजवाल्यांना संध्याकाळी उत्तर द्यायचंय. नाहीतर ते दुसरीकडं इमारत बघणार. विषय सगळ्यांना ठाऊक आहे."

विषय ठाऊक होता. वसतिगृह बंद करायचं, ती इमारत नर्सिंग कॉलेजला द्यायची आणि शाळा नुसती दिवसाची ठेवायची. मगदूम काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. आधीच्या वर्षी सगळं बंद झालं तेव्हा वसतिगृहातल्या एकेका मुलीला आपल्या गाडीतून घरी पोचवणारा हाच माणूस. पण वॉर्डनबाई काम सोडून गेल्या होत्या, नवीन कुणी मिळत नव्हतं, खोल्यांना जाळी धरली होती, आणि रोज त्या कुलूपबंद इमारतीवरून जाताना त्यांना धसका बसायचा. तीस मुलींची जबाबदारी पुन्हा अंगावर घ्यायची त्यांची छाती होत नव्हती. मोकळं व्हायचं होतं त्यांना.

आणि मुली? दिवसाच्या शाळेला येणार कशा? कुणी चंदगडकडच्या, कुणी सीमेपलीकडच्या. वसतिगृह गेलं की त्यांची शाळा गेली. हे मला कळत होतं, मगदूमांनाही कळत होतं. म्हणून तर ते घाई करत होते.

आता आमच्या बैठकीची एक रीत सांगायला हवी. मगदूम ठराव मोठ्यानं वाचायचे, मग "कुणाचं काही?" असं विचारून चहाची बशी तोंडाला लावायचे. बशी रिकामी होईपर्यंत कुणी बोललं नाही, की "एकमतानं मंजूर." वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. बशीभर चहात ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. समोरासमोर ते चालूनही जायचं, कारण यास्मिनला काही सांगायचं असलं की ती टेबलावर थाप मारायची आणि आमचे कप खणखणायचे.

पडद्यावर कप खणखणत नाहीत.

शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी बसले होते. मला पाचही चौकटी एकदम दिसत होत्या. तर त्यातली यास्मिनची चौकट एकाएकी काळी झाली. मग उजळली. परत काळी, परत उजळ. मला वाटलं वीज जातेय. मग दिसलं, तिचा एक हात भिंतीवरच्या बटणावर होता. दिवा लावत होती, मालवत होती.

वसतिगृहात हीच हाक असते. खोलीतल्या मुलींना बोलवायचं तर ओरडून काय उपयोग, दारातलं बटण दोनदा खालीवर करायचं. सगळ्या माना वळतात.

"साहेब, यास्मिनला काही सांगायचंय," मी म्हणाले.

"कुठाय ती? मला दिसत नाही."

"तुमच्या फोनवर फक्त बोलणाऱ्याचा चेहरा येतो. ती दिवा लुकलुकवतेय."

"मग तिला बोलायला सांगा, म्हणजे येईल चेहरा," मगदूम म्हणाले.

म्हणाले आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. हेर्लेकर खाकरले. आवाज आला की हे यंत्र चेहरा दाखवतं, आणि तिचा माईक तर गेल्या बैठकीपासून बंद होता. तेव्हा तिच्या मागं कवळ्या घासायचं यंत्र घरघरत होतं, म्हणून मगदूमांनी बाबर सरांकरवी निरोप दिला होता, "तिला कुठं बोलायचंय, माईक बंदच ठेव म्हणावं." त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. बहिऱ्यांची शाळा चालवणारी आम्ही माणसं, आणि आम्ही आमच्यातल्या एकुलत्या बहिऱ्या बाईला पडद्यामागं बसवून ठेवलं होतं. ती गेली पूर्ण बैठक तिथं होती आणि बाबर सर आणि मी सोडून कुणी तिला पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात खाली यास्मिनचं टाइप केलेलं आलं. मी मोठ्यानं वाचलं. "मी विरोध. मुली कुठे जाणार."

"हे कसं धरायचं?" हेर्लेकर म्हणाले. "घटनेत स्पष्ट आहे, मतदान आवाजी पद्धतीनं. तोंडी मत पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही उठून धर्मादाय आयुक्तांकडं जाईल."

"बहिऱ्यांच्या संस्थेची घटना आणि आवाजी मतदान. कुणी लिहिलीय ही?"

"माझ्या वडिलांनी," हेर्लेकर म्हणाले. "आजवर बाबर तिचं मत बोलून दाखवत होते, अडचण नव्हती."

"मग बाबरना येऊ दे."

"आणि नाही आले तर?" मगदूमांचा आवाज चढला. "शालनताई, तिचं मत विरोधात धरलं, तुमचंही धरलं, तरी दोन. मी आणि हेर्लेकर दोन. राहिले गुरुजी. गुरुजी, तुमची संमती आहे ना?"

गुरुजी हसले. मान डोलावली. एकदा नाही, चांगली दोनतीनदा.

"झालं. तीन."

त्या क्षणी मला गुरुजींचा जो राग आला, तो आजही आठवला तरी कानशिलं तापतात. या माणसानं दारोदार हिंडून पोरी गोळा केल्या होत्या. आईबाप म्हणायचे, मुकी पोर शिकून काय दिवे लावणार, तर हा त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसायचा. यास्मिनला तर त्यानं तिच्या घरून खांद्यावरून आणलेलं. आणि आज तिच्या डोक्यावरचं छप्पर काढतायत तर हा नंदीबैलासारखा मान हलवतोय. म्हातारपणी माणसाला वादच नकोसा होतो का? मागच्या सहाआठ महिन्यांत कशालाच ते नाही म्हणाले नव्हते. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही.

"ठराव वाचतो," मगदूम म्हणाले. वाचला. "कुणाचं काही?"

आणि बशी उचलली.

यास्मिनच्या चौकटीत दिवा उघडमीट करत होता. आता ती उभी राहिली होती, एक हात बटणावर, दुसरा हात बोलत होता, एका हातानं काय बोलता येईल तेवढं. तोंडानं ती ओरडतही असावी, मान ताठ झाली होती. तिला समोर आमची ओठ हलवणारी तोंडं दिसत होती आणि बशी दिसत होती. बशीचा अर्थ तिला पुरता माहीत होता.

बशी कलली.

गाडी कशी अडवायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्या बैठकीची होस्ट मी होते. सगळ्यांचे माईक बंद करायचं एक बटण असतं, ते दाबलं. ज्याचा त्याचा माईक परत उघडायची मुभा असते, तीही काढून घेतली. मग यास्मिनची चौकट धरली आणि सगळ्यांच्या पडद्यावर मोठी करून खिळवून टाकली. शेजारी माझी छोटी.

मगदूमांचे ओठ हलले. "एकमतानं" असावं. आवाज आला नाही. त्यांनी फोन झटकला, परत बोलले. मग त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा गुळाच्या काहिलीसारखा लाल झाला. हेर्लेकर बोट नाचवून काही सांगत होते, बहुतेक कायदाच.

"साहेब, माफ करा," मी म्हणाले. "पण तिचं पाहिल्याशिवाय ही गाडी मी सोडणार नाही. मग माझा राजीनामा घ्या."

टेबलावर माझा मोबाईल वाजायला लागला. अध्यक्ष, दुसरा फोन कानाला लावून. मी तो पालथा घातला. संस्थेच्या अध्यक्षाचं तोंड बंद करायचं म्हणजे काय, हे बंद केल्यावर मला समजत होतं. आणि खरं सांगायचं तर पुढं काय करायचं हे ठरलेलं नव्हतंच. यास्मिन सगळ्यांना दिसत होती, पण ती काय म्हणते ते आमच्यापैकी कुणाला वाचता येत होतं? गुरुजींना यायचं, पण त्यांच्यावर आता माझा भरवसा नव्हता. मला मुलींनी शिकवलेलं चहा, बस, चल, नको, एवढंच येत होतं. बाबर सरांचा पत्ता नव्हता.

यास्मिननं पुन्हा एकदा बटण दाबलं. अंधार, उजेड, अंधार, उजेड.

गुरुजींची मान डोलायची थांबली.

ते सरळ बसले. चष्मा वर ढकलला, सुनेच्या टॅबलेटच्या इतके जवळ आले की चौकटीत नुसतं कपाळ आणि डोळे राहिले. मग मागं सरले आणि त्यांचे दोन्ही हात वर आले. त्या हातांवरच्या शिरा मला दिसत होत्या. हात अडखळले, बोटं आखडलेली होती, पण ते बोलले. यास्मिनचा हात बटणावरून खाली आला आणि ती मटकन खुर्चीत बसली. मग ती दोन्ही हातांनी बोलायला लागली, भराभरा, आणि मध्येच मनगटानं नाक पुसत.

मी गुरुजींचा माईक उघडला.

"हळू," ते तिला म्हणत होते. हातही तेच म्हणत होते. "हळू गं बाळ, डोळे म्हातारे झाले माझे. काय बंद होतंय? कोण करतंय?"

यास्मिननं सांगितलं. गुरुजींचा चेहरा उतरत गेला. मग ते आमच्याकडं, म्हणजे टॅबलेटकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "ती बोलतेय ते सांगतो. ऐका."

आणि जुन्या सवयीनं ते तिचं बोलणं "मी" म्हणून सांगायला लागले.

"आमच्या घरात आठ माणसं होती आणि माझ्याशी बोलणारं एकही नव्हतं. खायला घालायची, नवे कपडे करायची, जीव लावायची. पण बोलत नव्हती. मला नाव आहे हेच मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. शाळेत मी धडे शिकले. बोलायला वसतिगृहात शिकले, मोठ्या मुलींकडून, जेवताना, कपडे वाळत घालताना. दिवे गेल्यावर हात दिसत नाहीत, म्हणून आम्ही एकमेकींच्या तळहातावर बोलायचो. सुट्टी लागली की पोरी रडायच्या. लोकांना वाटायचं, शाळा सुटली म्हणून रडतायत. आम्ही रडायचो, कारण आता दोन महिने कुणाशी बोलायला मिळणार नव्हतं. त्या तीस मुली आत्ता घरी आहेत. वर्षभर गप्प आहेत. तुम्हाला दोन मिनिटं गप्प बसवलं तर तुम्ही फोन करकरून हैराण करता."

शेवटचं वाक्य सांगताना गुरुजी जरा बिचकले, पण त्यांनी ते गाळलं नाही. माझा पालथा मोबाईल केव्हाचा थांबला होता.

"यास्मिन शिकलगारचं मत, विरोध," गुरुजी म्हणाले. "बोलून सांगतोय, लिहून घ्या. आणि दत्तात्रय कडगावकरचं मत, विरोध."

"सचिव शालन खोत, विरोध," मी म्हणाले. माझा आवाज फुटला. स्टँडवर इतकी वर्षं तो कधी फुटला नव्हता.

तीन झाली होती. ठराव पडला होता. मी माईक उघडायला हात पुढं केला, तेवढ्यात गुरुजी पडद्याशी वाकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "शालन, बाकीच्यांचे माईक आता बंद झालेत ना गं? लाल खुणा दिसतायत."

त्यांना काय विचारायचंय ते माझ्या लक्षात आलं नाही. माईक तर बंदच होते. मी मान हलवली, हो.

"मग तुला म्हणून सांगतो. मला दिवाळीपासून काही ऐकू येत नाही. मशीन लावलं तर नुसती घरघर. तोंडं बघून चालवावं, तर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आणि या काचेत तर एवढीशी तोंडं, काय कळणार? सून बैठक लावून देते आणि आत जाते. सगळे गंभीर दिसले की मी गंभीर होतो, कुणी माझ्याकडं बघून थांबलं की मान हलवतो. आज काय चाललंय ते पोरीचे हात दिसले म्हणून कळलं."

मी त्यांना थांबवायला हवं होतं का? हात वर केला होता मी. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते, खाली बघून बोलत होते.

"अख्खा जन्म लोकांना सांगितलं, बहिरेपणात लाजण्यासारखं काही नाही. आणि माझ्यावर आलं तेव्हा मला लाज वाटली बघ. श्रीपालला तेवढं कळू देऊ नकोस. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे. म्हणेल, म्हाताऱ्यानं होयबा होऊन बैठका काढल्या."

त्यांना वाटलं होतं, माईक बंद म्हणजे माणूस बंद. ज्याला बोलता येत नाही, त्याला ऐकूही येत नाही. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं.

मगदूमांच्या चौकटीत हालचाल नव्हती. बशी त्यांच्या हातात तिरकी झाली होती आणि चहा सदऱ्यावर सांडत होता, ते त्यांना समजत नव्हतं. हेर्लेकरांनी तोंड फिरवलं होतं. गेल्या सहाआठ महिन्यांत गुरुजींच्या मानेवर किती ठराव मंजूर झाले, हे त्या दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी मगदूमांचा माईक उघडला. ते उठून गेले. मला वाटलं, संपलं, आता राजीनामाच लिहायचा. पण ते परत आले ते गुळाच्या ढेपांवर खुणा करायचा जाड पेन घेऊन. अजेंड्याचा कागद पालथा घालून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि फोनसमोर धरलं. मी त्यांची चौकट मोठी केली.

"ठराव मागे. वॉर्डन मी शोधतो."

गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं, शाळेत फळ्यावरचं वाचावं तसं. यास्मिननं दोन्ही हात वर करून हलवले, तिच्या टाळ्या तशाच असतात. मग गुरुजी हलकेच माझ्याकडं वळले आणि ओठ न हलवता, नुसत्या बोटांनी काहीतरी विचारलं. खुणा मला येत नव्हत्या, पण मगदूमांकडं गेलेलं बोट आणि कानावर गेलेला हात मला कळला. त्याला कळलं नाही ना?

मगदूम बघत होते. त्यांनाही प्रश्न समजला होता. त्यांनी मान खाली घातली आणि सदरा पुसायला लागले.

मी गुरुजींना म्हणाले, "नाही," आणि हातानंही सांगितलं.

पुढच्या बैठकीत पहिला ठराव अध्यक्षांनीच आणला. इथून पुढं "कुणाचं काही?" नाही. मत हात वर करून द्यायचं. बोलणाऱ्यानं मुद्दा मोठ्या अक्षरांत लिहून पडद्यासमोर धरायचा. बाबर सरांची चौकट सगळ्यांना सतत दिसली पाहिजे आणि ते नसतील तर बैठक नाही. आवाजी मतदानाचं कलम बदलायचा अर्ज हेर्लेकरांनी स्वतः केला.

"एवढं सगळं कशासाठी, श्रीपाल?" गुरुजींनी कागद वाचून विचारलं.

मगदूमांनी जाड पेनानं लिहून दाखवलं, "यास्मिनसाठी."

वसतिगृह उघडलं, आजही चालू आहे. गुरुजी त्यानंतर तीन वर्षं आमच्याबरोबर होते, एकही बैठक त्यांनी चुकवली नाही, आणि दोनचारदा मगदूमांशी कडाक्याचं भांडलेही. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं, श्रीपाल सुधारला, पोरीसाठी केवढं केलं त्यानं. मी पाटी घेतली आणि खाली लिहिलं, होय गुरुजी.